मिशा दिसेपर्यंत

मी एका खरं बोलणाऱ्या माणसाला चारचौघांत खोटं पाडलं. हसत हसत, हातात चहाचा कागदी कप धरून. हे आधीच सांगून टाकतो, कारण मला माझी सवय माहीत आहे. माणसाचं वर्णन रंगवत गेलो की चूक माझी होती हे वाचणाऱ्याच्या लक्षातून जाईल, आणि मी ते जाऊही देईन.

ते माझ्या नात्यातले नव्हते. इथे परदेशात, आमच्या शॉमबर्ग गावात, साठीपुढचा कुठलाही मराठी माणूस काका असतो, तसे तेही काका. ट्रॅक्टरचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ते आयुष्यभर इंजिनिअर होते. कुठला भाग किती वाकला की मोडेल, हे आधीच सांगणं हे त्यांचं काम. रिटायर झाले तेव्हा ऑफिसच्या लोकांनी त्यांना गोल्फचा सेट दिला. काका एकदाच खेळायला गेले आणि परत आल्यावर म्हणाले, "अरे, चेंडू जागचा हलत नाही. जो पळत नाही त्याच्या मागे काय जायचं?"

मग ते वुडचकच्या मागे लागले.

वुडचक, किंवा बरेच लोक म्हणतात तसं ग्राउंडहॉग, हा मांजराहून थोडा मोठा आणि बराच लठ्ठ, तपकिरी, कुरतडणारा प्राणी. शेताच्या बांधाला बीळ करून राहतो, सोयाबीनचे कोवळे शेंडे खातो आणि पोट भरलं की बिळाच्या तोंडाशी मागच्या पायांवर उभा राहून, हात पोटावर ठेवून जगाकडे पाहतो. सोसायटीचा चेअरमन गॅलरीत उभा राहतो तसा. काका त्याला वुडचक म्हणत नसत आणि ग्राउंडहॉगही म्हणत नसत. ते त्याला 'गृहस्थ' म्हणत. "आज गृहस्थ उशिरा बाहेर आले." "गृहस्थांनी तुझी गवार खाल्ली, बघून घे."

माझी गवार तिथे असायचं कारण म्हणजे वॉल्टर. शॉमबर्गपासून गाडीने पाऊण तासावर या म्हाताऱ्या शेतकऱ्याचं सोयाबीनचं शेत आहे. शेताच्या कडेची जमीन तो आमच्यासारख्या लोकांना भाजी लावायला देतो. माझा तुकडा काकांच्या तुकड्याला लागून होता आणि बीळ दोन्हींच्या मधल्या बांधात. बिळामुळे ट्रॅक्टरचं चाक खचतं म्हणून वॉल्टरने काकांना शिकारीची परवानगी आनंदाने दिली होती. बंदूक आणतील असं त्याला वाटलं होतं. काका धनुष्य घेऊन आले तेव्हा त्याने ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि म्हणाला, "हरकत नाही. मला घाई नाही."

ते धनुष्य काकांनी स्वतः घडवलं होतं. दुकानात मिळणाऱ्या, चाकं आणि तारा लावलेल्या धनुष्यांना ते सायकल म्हणत. "सायकल रस्त्यावर चालव. रानात कशाला?" त्यांचं धनुष्य म्हणजे वॉल्टरच्या बांधावर वादळात पडलेल्या एका झाडाचं सलग, पिवळंधमक लाकूड. ते दोन हिवाळे त्यांच्या गराजमध्ये आडवं वाळत पडलं होतं, आणि दोन हिवाळे काकूंची गाडी बाहेर बर्फात उभी होती. सकाळी काचेवरचा बर्फ खरवडताना काकू म्हणायच्या, "सवत आणली असती तर निदान तिने गाडी तरी पुसली असती."

पुढे ते लाकूड तासणं सुरू झालं. थोडं तासायचं, दोरी लावायची, वाकवून बघायचं, पुन्हा थोडं तासायचं. दोन्ही बाजू सारख्या वाकल्या पाहिजेत. बाणांना टर्कीची पिसं लावायची आणि ती हळदीत बुडवायची, म्हणजे गवतात पडलेला बाण सापडतो. काकूंच्या घरात हळद टिकत नसे. मी एकदा विचारलं की बाजारात पिवळा रंग मिळतो, तो का नाही वापरत. "केमिकलचा वास येतो," काका म्हणाले. "गृहस्थांना हळदीचं वावडं नाही. आपल्याच भाज्या खाऊन वाढलेत."

नेमबाजीचा सराव घराच्या बेसमेंटमध्ये. एका टोकाला जुन्या उशांची चळत, दुसऱ्या टोकाला वॉशिंग मशीन, त्याला पाठ लावून काका उभे. मशीन गरगर फिरत असताना बाण सोडायचा नाही, हा काकूंचा नियम. पाठ थरथरली आणि बाण हीटरच्या पाइपात शिरला, असं एकदा झालं होतं. त्या रात्री सगळे स्वेटर घालून झोपले.

काकांचा स्वतःचा नियम एकच होता. जोवर गृहस्थांच्या मिशा दिसत नाहीत, तोवर बाण सोडायचा नाही. "लांबून मारलं की जखमी होऊन बिळात जातो आणि आत तडफडून मरतो. तो गुन्हा आहे. मिशा दिसल्या की मग तुझं आणि त्याचं खरं." आता ग्राउंडहॉगच्या मिशा दिसायच्या तर किती जवळ जावं लागेल याचा विचार करा. म्हणून काका बूट काढून, जाड लोकरी मोज्यांवर चालत. दोन पावलं टाकायची आणि थांबायचं. गृहस्थांनी मान खाली घालून खायला सुरुवात केली की पुन्हा दोन पावलं. जुलैच्या उन्हात, काकूंनी विणलेला शेवाळी स्वेटर घालून. संध्याकाळी काकू त्या मोज्यांतले काटे वेचत बसायच्या आणि त्यांच्या जिभेला धार चढत जायची. ही चाल काकांच्या अंगात इतकी मुरली होती की महाराष्ट्र मंडळाच्या जेवणात श्रीखंडाच्या रांगेतही ते दोन पावलं टाकून थांबत. मागचे लोक पुढे निघून जात, आणि त्यांच्या वाटीला नेहमी पातेल्याचा तळ येई.

रविवारी मंडळाच्या मराठी शाळेत मुलं 'बदक' आणि 'मगर' वाचत असताना आम्ही पालक बाहेरच्या हॉलमध्ये चहा पीत बसायचो. काका नातीला घेऊन येत. ते आत आले की मिलिंद हमखास विचारायचा. हा मिलिंद बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये, मूळचा पुण्याचा, दुसऱ्याला बोलल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नसे.

"काय काका, या आठवड्यात काय शिकार?"

"चुकला. चार बोटं वरून गेला. वारा नव्हता. दोष माझा."

दर रविवारी असंच. कधी चार बोटं वर, कधी वीतभर डावीकडे, कधी "सोडलाच नाही, मिशा दिसल्या नाहीत." मासे पकडणारे, शिकार करणारे, शेअर घेणारे, सगळे आपल्या यशाच्या गोष्टी सांगतात. काका फक्त चुकल्याच्या सांगत, आणि एक बोटही कमी करून सांगत नसत. हे मला तेव्हाही दिसत होतं. दिसूनही मी जे केलं ते केलं.

एकदा मात्र बाण लागला. आम्हाला कळलं ते थेट मंडळाच्या पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणात. बटाटेवडे, मसालेभात, तीन घरांतून आलेलं एकसारखं कोशिंबिरीचं भांडं, आणि टेबलाच्या टोकाला लालभडक तर्रीचा रस्सा. शेजारी काकांच्या सुबक अक्षरातली चिठ्ठी: 'ग्राउंडहॉग. सोयाबीन आणि मेथी खाऊन वाढलेला.' टेबलाचं ते टोक बघता बघता ओस पडलं. एका मावशींनी आपला शिरा उचलून खिडकीत नेऊन ठेवला. मिलिंद म्हणाला, "काका, हा उंदराचाच भाऊबंद. गणपतीचं वाहन आहे ते."

"मग गणपतीला सांग," काका म्हणाले, "माझ्या भोपळ्यापासून लांब पार्क कर म्हणावं."

शेवटी कुणाच्या तरी कॉलेजातल्या मुलाने वाटीभर घेतला, भात कालवला आणि म्हणाला, "इट्स ॲक्च्युअली गुड." काकांनी त्याच्यासमोर बसून तो घास कसा चावतो ते पाहिलं. मग मला म्हणाले, "मीठ थोडं जास्त झालंय. तो सांगणार नाही, चांगल्या घरचा आहे."

आता माझं.

त्या उन्हाळ्यात बांधातल्या बिळात एक नवा, दांडगा गृहस्थ राहायला आला. माझ्या बायकोने लावलेला पडवळाचा वेल त्याने पहिल्या आठवड्यातच झोपवला, मग गवार, मग मेथीचा वाफा. काका रोज सकाळी मोज्यांवर उभे असायचे, आणि मिशा काही दिसत नव्हत्या. बायको म्हणाली, "काकांचा नेम लागेपर्यंत आपण पडवळ दुकानातूनच आणायचं का?"

मी पिंजरा आणला. काका डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाणार होते त्या सकाळी बिळाशी लावला, आत अर्धं खरबूज ठेवलं. ऑफिसचा कॉल कॅन्सल केला. दुपारपर्यंत गृहस्थ आत होते आणि खरबूज संपलेलं होतं. पिंजरा गाडीत मागच्या सीटवर ठेवून मी नदी ओलांडली आणि पलीकडच्या रानात त्याला सोडून दिलं. सबंध वाटेत तो आरशातून माझ्याकडे पाहत होता. जनावराला असं उचलून दुसरीकडे सोडायची परवानगी नसते, हे मला नंतर कळलं. तेव्हा माहीत असतं तरी मी सोडलं असतं.

संध्याकाळी काकांना सांगायचं असं ठरवूनच मी फोन केला. ते म्हणाले, "बरं झालं फोन केलास. या गृहस्थांसाठी नवे बाण करतोय. जरा जड. तू बघायला ये." मी बघायला गेलो. बाण सुंदर होते. सांगायचं राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून काका रिकाम्या बिळासमोर उभे राहू लागले. ते सकाळी जात, मी ऑफिस सुटल्यावर पाणी घालायला. कधी ते संध्याकाळपर्यंत तिथेच थांबले की गाठ पडे. मी त्यांच्यासाठी थर्मासमधून चहा नेऊ लागलो. अपराधी माणूस फार चहा पाजतो. "यंदा तू फार काळजी घेतोस रे," ते म्हणाले.

आणि मग एका रविवारी हॉलमध्ये ते म्हणाले, "काल दिसला. बिळाच्या तोंडाशी उभा होता. मिशा दिसल्या, पण दोरी ओढेपर्यंत आत गेला."

मी कपातून मान वर केली नाही. मला धक्का बसायला हवा होता, बसला नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. काकाही शेवटी इतरांसारखेच, थोडं पदरचं घालणारे. माझ्या खोटेपणाला सोबत मिळाली. पुढच्या रविवारी त्यांनी आणखी तपशील दिला: "डाव्या कानाला खाच आहे. कुत्र्याने धरला असणार कधीतरी." मी ज्याला नदीपार नेलं त्याचे कान मी पाऊण तास आरशात पाहिले होते. दोन्ही शाबूत होते. म्हणजे काका रचून सांगत होते, यात मला शंका उरली नाही.

त्याच्या पुढच्या रविवारी मिलिंद माझ्या मागे लागला. "तुमच्या पडवळाचं काय झालं यार? काकांचा बाण लागेपर्यंत तुम्ही सॅलडच खाणार?" सगळे हसले. काका म्हणाले, "लागेल. खाचवाला आता मला ओळखायला लागलाय." आणि मला ते हसू पाहिजे होतं, माझ्याकडे वळलेलं. मी म्हणालो, "काका, तुम्ही ज्याच्या मागे आहात तो कधीच माझ्या गाडीतून नदीपलीकडे गेला. पिंजऱ्यात. अर्ध्या खरबुजावर."

हॉल हशाने दणाणला. मिलिंद खुर्चीच्या हातावर थापा मारत म्हणाला, "म्हणजे काका, एवढे दिवस रिकाम्या बिळासमोर? आणि तो कान कुणाचा पाहिलात?" मीही हसत होतो. सगळ्यात मोठ्याने मीच हसत होतो.

काकांनी कप टेबलावर ठेवला. "मी पाहिला," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. जॅकेट उचललं आणि बाहेर गेले.

त्यानंतर ते हॉलमध्ये आले नाहीत. नातीला दारात सोडायचे आणि शाळा सुटेपर्यंत पार्किंगमध्ये गाडीत बसून राहायचे. हॉलमध्ये 'कान कुणाचा' हे सगळ्यांच्या तोंडी बसलं. कुणी बढाई मारली की म्हणायचं, "कान कुणाचा?" काकांनी शेतावर जाणंही थांबवलं. धनुष्याचा पसारा आवरला गेला आणि काकूंची गाडी गराजमध्ये आली, यावरून काय ते मला समजायला हवं होतं.

सप्टेंबर सरता सरता मी वेल उपटायला गेलो. सुट्टी होती, म्हणून सकाळीच. थंडी पडायच्या आधी भोपळे काढायचे होते. बांधाशी उकिडवा बसून मी देठ कापत होतो, आणि बिळातून एक डोकं वर आलं. मग पोट. मग तो सगळाच उभा राहिला, हात पोटावर. मी हललो नाही. त्याच्या मिशा दिसत होत्या. डाव्या कानाला, अगदी टोकाशी, तिकीट पंच करावं तशी खाच होती.

वॉल्टर खळ्याकडून येत होता. मी त्याला विचारलं, हा कधी आला. "पहिला गेला त्याच आठवड्यात," तो म्हणाला. "तयार बीळ इथे रिकामं राहत नाही. चांगल्या वस्तीत आहे." मग शेजारच्या तुकड्याकडे बघत त्याने विचारलं, "तुझा मित्र कुठे आहे? या वयाचा एवढा हळू चालणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मला त्याची सवय झाली होती."

मी आधी भित्र्यासारखे उपाय केले. खाचवाल्याचा फोटो काढून काकांना पाठवला. उत्तर आलं, 'ओके.' मग चिवड्याचा डबा घेऊन घरी गेलो. काका बेसमेंटमध्ये होते, वर आले नाहीत. काकूंनी डबा घेतला, उघडून वास घेतला.

"काकू, मी त्यांची माफी मागायला आलोय. त्यांनी खरंच पाहिला होता."

"त्यांना माहीत आहे की त्यांनी पाहिला होता," काकू म्हणाल्या. "त्यांना काय सांगतोस? ज्यांना माहीत नाही त्यांना सांग." मग डब्याचं झाकण लावत म्हणाल्या, "दाणे जळलेत. बायकोला सांगू नकोस, वाईट वाटेल."

पुढच्या रविवारी मी पार्किंगमध्ये काकांच्या गाडीच्या काचेवर टकटक केलं. ते बूट काढून, सीट मागे करून बसले होते. काच खाली झाली.

"काका, मला माफी मागायची आहे."

"मग माग."

"इथे नाही. आत, सगळ्यांसमोर."

समोर एका बाईने गाडी लावली, मुलाचं दप्तर काढलं, मुलगा आत पळाला. मग काकांनी वाकून बूट घातले, नाड्या नीट बांधल्या आणि माझ्याबरोबर आले. दाराच्या आत मात्र दोन पावलांवर थांबले.

मी चहाच्या टेबलाशी उभा राहिलो. मी म्हणालो, "ऐका जरा. मी इथे काकांना खोटं पाडलं होतं. त्यांनी पाहिलेला ग्राउंडहॉग खरा होता. मी पहिल्याला नेल्यावर दुसरा आला होता. मी स्वतः पाहिला. डाव्या कानाला खाच आहे."

मिलिंद म्हणाला, "फोटो आहे का?"

"आहे. पण दाखवणार नाही. काकांनी कधी फोटो दाखवला नव्हता, तरी आपण दर रविवारी त्यांचं ऐकत होतो. त्यांनी एकदाही आपलं चुकणं कमी करून सांगितलेलं नाही. मी मात्र पिंजरा लावल्याचं त्यांच्यापासून लपवलं आणि वर त्यांनाच खोटारडं ठरवलं, कारण मला तुम्हाला हसवायचं होतं." मग मी दाराकडे वळलो. "काका, तुम्ही पाहिला होता. माझं चुकलं. मला माफ करा."

कुणी हसलं नाही. मिलिंद कपात बघत होता. काकांनी मान हलवली, टेबलापाशी आले, स्वतःचा चहा ओतून घेतला, एक घोट घेतला.

"आणि पहिल्याचं काय?" ते म्हणाले.

"कोण पहिला?"

"ज्याला तू खरबूज दाखवून घराबाहेर काढलंस तो. आता म्हातारपणी तिकडे नवीन बीळ खणत असेल. त्याची माफी कोण मागणार?"

"सीरियसली, काका?" मिलिंदने विचारलं.

काकांचा चेहरा बाण चुकल्याचं सांगताना असायचा तसाच होता. त्यावरून मला काही कळेना. "नदी कुठल्या बाजूला आहे?" त्यांनी विचारलं. मिलिंदने फोन काढला, नकाशा उघडला, दोनदा गोल फिरला आणि नोटिस बोर्डाकडे बोट केलं. शाळा सुटली होती. मुलं वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली होती, आणि त्यांच्यामागे माझी बायको. मी नोटिस बोर्डाकडे तोंड केलं आणि हात जोडले.

"गृहस्थ," मी म्हणालो, "तुम्हाला न विचारता मी तुमचं घर सोडायला लावलं. चूक माझी आहे. माफ करा."